आजोबांची ठासणीची बंदूक: कारागीर कसा ओळखायचा?

आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. गज (बार ठासायची सळई) नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीशेजारी ठेवा. टोक, घोडा आपटून बार पेटवणारी छोटी टोपी बसते तिथपासून तीन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत जुना बार (दारू आणि गोळी) असू शकतो. मग स्वतः काही खटपट न करता जाणकाराला दाखवा. परवान्याचं वारसनोंदीचं कामही लगेच उरका.

आता खुणा. घोड्याजवळच्या पट्टीवर ‘टॉवर’ आणि मुकुट दिसला की लोक खूश होतात, पण ते कारागिराचं नाव नव्हे, ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. शिवाय तो शिक्का नकलांवरही सर्रास मारलेला असतो. मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह असेल, तर ईस्ट इंडिया कंपनीचा माल.

खरी माहिती नळीवर मिळते. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड म्हणजे बहुधा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झालेली नळीच्या मजबुतीची चाचणी, 1813 नंतरची. शेजारचा 24 किंवा 25 हा आकडा नळीच्या व्यासाचा, सालाचा नाही. बनवणाऱ्याची आद्याक्षरं बहुधा नळीच्या पोटाशी, लाकडाखाली दडलेली असतात. त्यासाठी दस्ता (बंदुकीचं लाकूड) जाणकाराकडूनच उतरवा.

आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका! पुसट अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, टॉर्च तिरका धरून फोटो काढा. तेवढ्यावर बरंच काही वाचता येतं.