सीलबंद म्हणून घेतलेल्या पाकिटांपैकी एक फोडलं. आता पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मार्चमध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका कार्ड-व्यापाऱ्याच्या वेबसाइटवरून टॉप्स कंपनीची १९७५ सालची, संग्राहक जमवतात त्या बेसबॉल कार्डांची तीन न उघडलेली वॅक्स पाकिटं (मेणाच्या कागदात बंद केलेली, आत कार्डं आणि च्युइंग गमची पट्टी) घेतली, प्रत्येकी ९०० डॉलरला. वर्णनात 'कारखान्यातून आलं तसं सीलबंद, न उघडल्याची हमी' असं लिहिलं होतं. एप्रिलमध्ये मुलाच्या वाढदिवसाला एक फोडलं. आत सगळी साधी कार्डं. जॉर्ज ब्रेट नाही, रॉबिन यौंट नाही, म्हणजे ज्यांच्या कार्डाला मोठी किंमत येते ते खेळाडू नाहीत. गमचा डाग गठ्ठ्याच्या मधल्या कार्डावर होता. शंका आली म्हणून उरलेली दोन तपासणीला पाठवली. जुलैत ती 'प्रमाणित करता येत नाहीत' अशा शेऱ्यानिशी परत आली. व्यापारी म्हणतो, विक्री अंतिम होती, माल आहे तसा विकला होता, आणि एक तर तुम्हीच फोडलंत. क्रेडिट कार्डाचे यातले ११०० डॉलर अजून फेडायचे आहेत. पैसे मिळतील का? मिळणार नसतील तर उरलेली दोन आम्ही विकून टाकली तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. विकू नका. जुलैपर्यंत तुम्ही फसलेले ग्राहक होता. शेरा हातात पडल्यानंतर तीच पाकिटं 'न उघडलेली' म्हणून विकलीत तर फसवणारे तुम्ही व्हाल. जाहिरातीत 'आहे तसं' लिहिलंत आणि शेऱ्याबद्दल गप्प राहिलात तरी सुटका नाही. टपालाने किंवा इंटरनेटवरून राज्याबाहेर माल गेला की केंद्रीय फसवणूक कायद्यांची कलमं लागू शकतात. हा छंद त्या कायद्याच्या तावडीत आधीच सापडलेला आहे. लिलावदार बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये मेल फ्रॉडचा (टपालाद्वारे फसवणुकीचा) गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. त्याच्या कबुलीत लिलावातल्या बनावट बोली होत्या, आणि बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या टी-२०६ मालिकेतल्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा कापल्याचं लपवून ठेवल्याचीही गोष्ट होती. ते कार्ड नकली नव्हतं. ठाऊक असलेली गोष्ट सांगितली नाही, एवढंच.

आता तुमच्या पैशांकडे वळू. तुम्ही तिन्ही पाकिटांची मिळून २७०० डॉलरची एकच तक्रार करताय, आणि व्यापारी फोडलेल्या पाकिटाकडे बोट दाखवून ती सगळीच उडवून लावतोय. कायद्याच्या नजरेत हे दोन वेगळे दावे आहेत.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांत मालविक्रीला युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी कायद्याचा दुसरा भाग लागू आहे. 'न उघडल्याची हमी' हे वर्णन म्हणजे त्याच्या २-३१३ कलमाखालची स्पष्ट हमी. 'आहे तसा माल' हे शब्द गर्भित (न लिहिताही कायद्याने धरल्या जाणाऱ्या) हम्या पुसू शकतात. लेखी दिलेली स्पष्ट हमी त्यांनी पुसली जात नाही, हे २-३१६ मध्ये आहे. 'विक्री अंतिम' याचा अर्थ इतकाच, की मन बदललं म्हणून माल परत करता येणार नाही. हमीप्रमाणे माल नसेल तर ती पाटी कामाची नाही. 'मलाही कुणीतरी असंच विकलं होतं' हा बचाव तो पुढे करील. हमी मोडायला त्याला काही माहीत असण्याची गरज नसते.

न फोडलेल्या दोन पाकिटांसाठी २-६०८ कलम वापरा. माल स्वीकारल्यानंतर दोष कळला, आणि तो आधी कळणं अवघड होतं, तर स्वीकृती मागे घेता येते. आत डोकावल्याशिवाय पारखता येत नाही आणि डोकावलं की किंमत संपते, असा हा माल. त्यामुळे 'आधी कळणं अवघड होतं' हे पटवायला फारसे कष्ट पडणार नाहीत. अटी दोन : दोष कळल्यावर वाजवी वेळेत कळवायचं, आणि मालात तुमच्यामुळे मोठा फरक पडलेला नसावा. दुसऱ्या अटीवर फोडलेलं पाकीट बाद होतं, ही दोन होत नाहीत. प्रत्येक पाकीट स्वतंत्र विकलं जाणारं एकक असल्याने दोघांपुरती स्वीकृती मागे घेऊन १८०० डॉलर मागता येतात. म्हणून त्यांना हात लावू नका. 'शिवण जरा उचकटून बघू' असं म्हणणाऱ्या मित्रालाही लावू देऊ नका. उन्हापासून, हीटरपासून लांब ठेवा. मेण विरघळून जोड बदलला तर तुमचाच पुरावा गेला.

फोडलेल्या पाकिटाचे पैसे २-७१४ खाली भरपाई म्हणून मागायचे. हमीप्रमाणे असतं तर जी किंमत झाली असती, तिच्यातून प्रत्यक्ष मिळालेल्या मालाची किंमत वजा. दहा साधी कार्डं आणि रिकामं वेष्टन यांचे बाजारात ५० डॉलर येत असतील तर दावा ८५० चा. शिवाय तपासणीची फी आणि टपालखर्च, पावत्यांसह.

पुराव्यात मात्र तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी पक्की नाही. ब्रेट आणि यौंट सापडले नाहीत हा मुद्दा पत्रात लिहूच नका. १९७५चा संच ६६० कार्डांचा, पाकिटात कार्डं दहा. अस्सल पाकिटातही ब्रेट निघण्याची शक्यता ६६ मध्ये एक, दोघांपैकी एक तरी निघण्याची साधारण ३३ मध्ये एक. व्यापाऱ्याचा वकील हे गणित न्यायाधीशांसमोर दोन मिनिटांत मांडील, आणि तुमचे खरे मुद्देही त्यासोबत फिके पडतील.

खरा मुद्दा आहे गमचा. पाकिटात गमची पट्टी गठ्ठ्याच्या एका टोकाला असते, त्यामुळे तिचा डाग टोकाच्या कार्डावर पडतो. मागच्या बाजूला वेष्टनाच्या घड्या उष्णतेने चिकटवलेल्या असतात, तिकडच्या टोकाच्या कार्डावर बहुधा मेणाचा डाग सापडतो. मधल्या कार्डावर गमचा डाग म्हणजे गठ्ठा कधीतरी विस्कटून पुन्हा लावला गेला. वेष्टन उलटं करून तिरप्या उजेडात पाहा : मेणाची दुसरी कड, इस्त्री फिरवल्यासारखा चकाकता पट्टा, जुन्या घडीच्या शेजारी नवी घडी. पन्नास वर्षांच्या गमचे बहुधा तुकडे आणि भुगा झालेला असतो. तो टाकला नसेल तर जपून ठेवा. कार्डं निघाली त्याच क्रमाने प्लास्टिकच्या पाकिटांत घाला, पुढून-मागून फोटो काढा. क्रम आठवत नसेल तर अंदाजाने लावू नका, आठवत नाही असंच लिहा. वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत नको. तुम्हीच कार्डं बदललीत हा आरोप येणारच, आणि वेष्टन फाटण्याच्या आधीपासूनचं चित्रण हेच त्याला सगळ्यात चांगलं उत्तर.

तपासणीच्या शेऱ्याचंही तसंच. 'प्रमाणित करता येत नाही' आणि 'पुन्हा चिकटवलेलं आहे' यांत फरक आहे. पहिल्या वाक्यातून दोष सिद्ध होत नाही. त्या संस्थेकडे कारणांसह लेखी मत मागा. मिळत नसेल तर न उघडलेल्या पाकिटांचाच व्यवहार करणाऱ्या एखाद्या जाणकाराकडून लेखी मत घ्या, आणि गरज पडल्यास तो सुनावणीला येईल का, हे आधीच विचारा. विक्रीचं वेबपान आजच्या आज पीडीएफमध्ये उतरवून घ्या. वेबसाइटच्या अटींमध्ये लवादाचं किंवा ठरावीक न्यायालयाचं कलम आहे का, हेही पाहा. असेल तर पुढचा बराच भाग बदलेल.

क्रेडिट कार्डाबद्दल घाई आहे. बिलातल्या चुकीची तक्रार ६० दिवसांत करायची असते, आणि कार्ड नेटवर्कची चार्जबॅकची (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत घेण्याची) मुदत साधारण १२० दिवसांची. मार्चचा माल, त्यामुळे दोन्ही उलटलेल्या दिसतात. उरतो तो फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टमधला वेगळा हक्क : व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार तुम्ही बँकेविरुद्धही वापरू शकता. रक्कम ५० डॉलरहून जास्त हवी, व्यापाऱ्याशी मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला हवा, आणि व्यवहार तुमच्याच राज्यातला किंवा घरापासून १०० मैलांच्या आतला हवा. ऑनलाइन व्यवहार 'कुठे' झाला यावर वाद होतात. तुमच्या बाबतीत विक्रेत्याचं गाव धरलं तरी १०० मैलांच्या आत बसतं. मात्र हा हक्क बँकेला पहिल्यांदा कळवता त्या दिवशी त्या खरेदीचे जेवढे पैसे थकीत असतील तेवढ्यापुरताच. म्हणजे आज ११०० डॉलरपुरता. हप्ता भरून ते ६०० केलेत तर ६०० पुरता. पुढचा हप्ता जाण्याआधी बँकेला लेखी कळवा. रक्कम वादात आहे हे न कळवता नुसतं बिल थकवू नका, क्रेडिट स्कोअरला फटका बसेल.

व्यापाऱ्याला पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा, पोचपावतीसह, ईमेल जोडीला. पत्र एका पानाचं पुरे. खरेदीची तारीख, वर्णनाचे नेमके शब्द, दोन पाकिटांची स्वीकृती मागे घेत असल्याचं स्पष्ट वाक्य, तिसऱ्याची भरपाई, एकूण आकडा, १४ दिवसांची मुदत. 'आधी माल पाठवा, मग बघू' याला तयार होऊ नका. दिलेल्या पैशांपुरती ती पाकिटं ताब्यात ठेवण्याचा हक्क २-७११ तुम्हाला देतं. 'पैसे दे, नाहीतर पोलिसांत जातो' असं लिहू नका. तक्रार करायची तर सरळ करा, ती पैशांशी बांधली की खंडणीचा वास येतो. आणि त्याने 'संपूर्ण तडजोड' असं लिहून ९०० चा चेक धाडला तर तो बँकेत टाकू नका, बाकीचा दावा त्यातच संपू शकतो.

त्याने दाद दिली नाही तर कोर्ट कुठलं? न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा ५००० डॉलर, स्पेशल सिव्हिल पार्टची (त्याहून मोठे दावे ऐकणाऱ्या विभागाची) २०,०००. न्यू जर्सीचा ग्राहक फसवणूक कायदा दमदार आहे : धंदा म्हणून विकणाऱ्याने खोटं वर्णन केलं आणि त्यातून मोजता येणारं नुकसान झालं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी द्यावीच लागते, खोटं बोलण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. तुमचे २६५० तिप्पट होऊन ७९५० होतात, म्हणजे स्मॉल क्लेम्सच्या बाहेर. अडचण इतकीच, की एका ऑनलाइन विक्रीवरून पेनसिल्व्हेनियाच्या माणसाला न्यू जर्सीत खेचता येईल का, यावर पहिली लढाई होईल आणि तिचा निकाल कसाही लागू शकतो. तो न्यू जर्सीच्या कार्ड शोमध्ये टेबल लावत असेल, इकडच्या गिऱ्हाइकांना जाहिराती पाठवत असेल, तर तुमचं पारडं जड होतं.

माझा कौल पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने. त्याच्या भागातल्या मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर (छोटे दावे ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधीशांसमोर) १२,००० डॉलरपर्यंतचा दावा चालतो. अधिकारक्षेत्राचा वाद उरत नाही, वकिलाशिवाय उभं राहता येतं, आणि निकाल लागला तर वसुलीही तिथेच, जिथे त्याचं दुकान आणि बँक खातं आहे. तिथल्या ग्राहक कायद्यातही तिप्पट भरपाई आहे, पण ती द्यायची की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर. २६५० डॉलर खात्रीने हातात पडणं हे ७९५० च्या कागदी हुकूमनाम्यापेक्षा बरं, असं मला वाटतं. तुम्हाला भांडायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

हमीच्या दाव्याची मुदत चार वर्षं आहे आणि ती दोष कळल्यापासून नव्हे, मार्चमध्ये माल हातात पडला तेव्हापासून मोजली जाते. पण मुदत आहे म्हणून पत्र लांबवू नका. शेरा जुलैत मिळाला. 'वाजवी वेळ' तेव्हापासूनच चालू झाली आहे.