दलदलीतले शेजारी

अनेक आशीर्वाद.

तुझी नोंदवही वाचली. ओहोळाकाठच्या दलदलीतली रामपत्री, म्हणजे रानजायफळाची झाडं, आणि वरच्या उतारावरची रामपत्री तू एकाच तक्त्यात भरलीस, सरासरी काढलीस आणि खाली लिहिलंस, ‘स्पर्धा मध्यम’. ते वाक्य आधी खोड.

दलदलीत वर्षातले कित्येक महिने मुळांना हवा मिळत नाही. बहुतेक झाडं तिथे गुदमरतात. जायफळाच्या कुळातली काही झाडं मात्र चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढतात, काही बुंध्याभोवती आधारमुळं रोवतात आणि टिकतात. म्हणजे परक्यांची गर्दी तिथे पाण्यानेच कमी केलेली असते, आणि झाड भांडतं ते बहुधा आपल्याच भाऊबंदांशी. उतारावर माती मोकळी, त्यामुळे दहा जातींचे शेजारी उजेडासाठी रेटारेटी करतात. या दोन भांडणांची सरासरी काढून हाती काय लागणार?

झाडाला शेजाऱ्यांशी किती स्पर्धा करावी लागते हे मोजणारा, वनशास्त्रज्ञ हेग्यीने १९७४ साली मांडलेला निर्देशांक वापर, पण नीट. शेजाऱ्याच्या खोडाचा व्यास भागिले आपल्या झाडाच्या खोडाचा व्यास, त्याला दोघांमधल्या अंतराने भागायचं आणि सगळ्या शेजाऱ्यांची बेरीज करायची. तुझं झाड २० सेंटिमीटरचं, चार मीटरवर ४० सेंटिमीटरचा शेजारी: ०.५. दोन मीटरवर १० सेंटिमीटरचा दुसरा: ०.२५. एकूण ०.७५. आता हीच बेरीज दोन रकान्यांत कर: स्वजातीय वेगळे, परजातीय वेगळे. दलदल आणि उतार यांतला फरक तिथेच दिसेल, दिसायचा असेल तर.

आधारमुळं असली तर टेप छातीच्या उंचीवर लावू नकोस, सगळ्यात वरच्या मुळाच्याही हातभर वर लाव. मी पहिल्या वर्षी मुळांसकट घेर मोजला होता आणि लुकडी झाडं कागदावर पैलवान झाली होती. पावसाळाभराची मेहनत वाया गेली.

आणखी एक. ही झाडं नर आणि मादी वेगवेगळी असतात. फळणारी किती, हे कळल्याशिवाय नुसत्या संख्येवर खूश होऊ नकोस. मादीच्या बुडाशी रोपं दाट दिसतात, पण एवढ्या गर्दीत फार थोडीच मोठी होतात. जे बी धनेश पक्षी लाल पत्रीसाठी, म्हणजे बीभोवतीच्या आवरणासाठी, गिळतो आणि दूर टाकतो, त्याला आईच्या सावलीतून सुटका मिळते. ते बी वाळलं की मरतं, म्हणून ते ओल्या जागी पडलं की कोरड्या, हेही टिपून ठेव. आणि पत्री मसाल्यासाठी आधीच उतरवली गेली असेल, तर धनेशाच्या वाट्याला काय उरलं? तुझ्या तक्त्यात माणूस हा शेजारी कुठेच नाही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली बांबर्ड्याची दलदल एकदा बघून ये. जेमतेम अडीच हेक्टर, २०२१ पासून जैवविविधता वारसास्थळ. तिथे रामपत्री शोधत बसू नकोस. पाणी कुठून येतं आणि कुठे वळवलं जाऊ शकतं, ते बघ. वरचा ओहोळ एखाद्या सुपारीच्या बागेकडे वळला, तर दलदल सुकेल आणि आजवर पाण्याने अडवलेले उतारावरचे शेजारी आत शिरतील.

गमबूट घेऊन जा. जळवांसाठी मीठ विसरू नकोस, आणि तक्ता पुन्हा काढलास की मला पाठव.