सिलियाक असलेल्या मुलीला थीम पार्कला न्यायचंय, तिच्या खाण्याचं काय करायचं?

तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तिला सिलियाक आहे, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला इजा करतं, मेच्या सुट्टीत थीम पार्कला जायचंय, आणि आत तिला चालेल असं काय मिळतं, कुठल्या पार्कात सोय बरी आहे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलाचं निदान तो पहिलीत असताना झालं, म्हणून लिहितेय.

पार्कांची नावं मी देणार नाही. फूड कोर्टचे ठेकेदार बदलतात, त्यांच्याबरोबर आचारी बदलतात, मसाल्यांचे ब्रँड बदलतात. दिवाळीत जे चाललं ते मेमध्ये चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आत काय मिळेल हे शोधत बसण्यापेक्षा डबा आत न्यायची परवानगी आधी मिळवा, आणि ती लेखी मिळवा. बाकीचं नंतर.

लेखी का म्हणते ते सांगते. मी फोन करून विचारलं होतं. "वैद्यकीय कारण असेल तर चालेल मॅडम," असं उत्तर मिळालं होतं. गेलो होतो आम्ही आणि माझे थोरले दीर-जाऊ, सगळ्यांची मुलं धरून. गेटवर सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडून डबाच आधी बाहेर काढला. डॉक्टरांचं पत्र पुढे केलं, ते त्याने न वाचताच सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर अगदी नम्रपणे म्हणाला, "आत जैन फूड मिळतं मॅडम, काळजी करू नका." मी सांगितलं, प्रश्न कांदा-लसणाचा नाही, गव्हाचा आहे. "मग राइस घ्या ना." फोनवर कोण बोललं हे त्यांच्याकडे कुठेच नोंदलेलं नव्हतं. मागे रांग खोळंबली होती, ऊन चढत होतं, आणि मागून भाऊजी म्हणाले, "जाऊ दे ना, एक दिवस आतलं खाईल. सगळ्यांसारखं खाऊ दे की त्यालाही." शेवटी डबा लॉकरमध्ये ठेवायचा आणि मुलाला भूक लागली की गेटबाहेर येऊन खाऊ घालायचं, अशी तोड निघाली. मुलांबरोबर पार्कात फिरलेल्या कुणालाही कळेल, भर दुपारी ते किती जमतं.

आत मी डोशाच्या काउंटरवर गेले. काउंटरवरचे दादा म्हणाले, "डोशात गहू कुठला ताई, तांदूळ आणि उडीद." बरोबरच होतं. मी म्हटलं, हिंगाची डबी दाखवता का? त्यांनी खालून डबी काढली, झाकणावर हळदीची बोटं उमटलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. आपण घरोघरी वापरतो तो हिंग असाच असतो. नुसता हिंग फार उग्र, म्हणून डिंक आणि पीठ मिसळून तो तयार करतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. तोच हिंग सांबारात, तोच बटाट्याच्या भाजीत. त्यात शेजारी रवा डोसा चालला होता, तवा तोच, उलथणंही तेच. दादांनी डबी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचली. "इतकी वर्षं टाकतोय, हे कधी वाचलं नव्हतं," म्हणाले. मग त्यांनी आतून, मसाला अजून न लागलेले उकडलेले बटाटे आणले, सुरी धुऊन घेतली, बटाटे कापून नुसतं मीठ लावलं, बरोबर साधा भात आणि सीलबंद दह्याचा कप दिला. पैसे मोजून घेतले, पण त्या माणसाने जे केलं ते गेटवरच्या एकानेही केलं नाही.

मी टेबलावर परतले तर भाऊजींनी मुलापुढे फ्रेंच फ्राइज ठेवलेले. बटाटाच तर आहे, म्हणे. माझा मुलगा त्यांना विचारत होता, "काका, कटलेटपण याच कढईत तळतात का?" भाऊजींना माहीत नव्हतं. तो उठला, काकूचं बोट धरून काउंटरवर गेला, स्वतः विचारून आला. कढई एकच होती. ब्रेडचा चुरा लावलेली कटलेटं ज्या तेलात पोहली, त्यातला बटाटा आपल्या मुलांना चालत नाही. त्याने फ्राइज चुलतभावाकडे सरकवले आणि दहीभात खाल्ला. रडला नाही, हट्ट केला नाही.

त्यावर भाऊजी म्हणाले, "पोराला भित्रं करून ठेवलंय तुम्ही." हे वाक्य त्यानंतर मी प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात ऐकलंय. माझं मत स्पष्ट आहे. भित्रं मूल मोठ्यांनी हातात दिलेलं निमूट खातं. माझ्या मुलाने मोठ्या माणसाला प्रश्न विचारला, परक्या काउंटरवर जाऊन उत्तर मिळवलं आणि आवडीची वस्तू बाजूला ठेवली. एवढी हिंमत आमच्या घरात मोठ्यांपैकीही फार थोड्यांत आहे.

आणि "एका घासाने काय होतं"? आपल्याकडच्या नियमांप्रमाणे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एक किलो पदार्थात ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. पोळीचा एक तुकडा त्याच्या कितीतरी पट. आतड्याच्या अस्तराला इजा होते, ती बाहेरून दिसत नाही. पोट दुखलं नाही म्हणजे पचलं, असं नसतं. माझ्या मुलाचं पोट कधी फारसं दुखलंच नव्हतं. उंची थांबली होती आणि हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी टीटीजी ही सिलियाकसाठीची रक्ततपासणी करायला सांगितली. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. म्हणून आपल्या मुलांचा डबा हे औषधच आहे, आणि पार्कांना पत्र लिहिताना हेच शब्द वापरा.

तो सुपरवायझर जैन फूडचं म्हणाला, त्याचा मला राग नाही. जैन जेवण आज साध्या पावभाजीच्या गाडीवरही मिळतं, कारण लोकांनी ते न लाजता, दरवेळी, प्रत्येक ठिकाणी मागितलं. आपण मात्र लाजतो. आपल्या मुलाचं 'काहीतरी वेगळं' आहे हे चारचौघांत बोलायला नको वाटतं, मग ठेकेदाराला कळणार कुठून? माझी नणंद फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डला जाऊन आली. तिथे आपल्यापुरतं खाणं आत नेता येतं, फक्त काचेचं भांडं नको आणि गरम करावं लागेल असं काही नको. ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळा मेन्यू असतो. स्वयंपाकघर वेगळं नसल्यामुळे पूर्ण खात्री देता येत नाही, हेही ते उघड सांगतात. मला तो उघडपणाच जास्त आवडला. आपल्याकडेही २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं अपेक्षित आहे. पार्कात अशा साखळीचं दुकान असेल तर तिथे ॲलर्जन चार्ट मागा. काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसतं, मॅनेजरला बोलवा.

आता डब्याचं. ज्वारीच्या दशम्या प्रवासात भाकरीपेक्षा मऊ राहतात. पोह्यांचा चिवडा घरचा, हिंग न घातलेला. राजगिऱ्याचे लाडू, केळी. मेच्या उन्हात दही-दूध नेऊ नका. पीठ गहू न दळणाऱ्या घरघंटीवर दळलेलं हवं. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की संपलं. परवानगी मिळालीच नाही तर आत उपवासाचं काही आहे का बघा. साबुदाण्याच्या खिचडीत गहू नाही, आणि उपवासाला हिंग घालत नाहीत. मात्र त्यांची तळलेली कुठलीच वस्तू घेऊ नका. कॉर्नफ्लेक्स, चॉकलेटची दुधात घालायची पावडर, सोया सॉस यांत बहुतेकदा जवाचा माल्ट किंवा गहू असतो. आइस्क्रीम कपातलं, सीलबंद, तेही पाकीट वाचून. स्कूप नको, तोच चमचा कोनवर फिरतो.

पार्कला मेल करताना मुलीचं वय, आजाराचं नाव, डॉक्टरांचं पत्र आणि डब्यात काय असेल ते लिहा, उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. फोनमधला मेल गेटवर कोणी वाचत नाही. उत्तर आलं नाही तर तिकीट काढू नका, अगदी मुलगी रुसली तरी. आणि "एका घासाने काय होतं" म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्या दिवशी सोबत नेऊ नका, ते कितीही मोठे असोत. राइडच्या रांगेत तुम्ही पाठमोऱ्या असताना ते घास भरवतात. आम्ही भाऊजींबरोबर देवदर्शनाला जातो, लग्नाला जातो, पार्कला जात नाही. त्यांना हे ठाऊक आहे, मी तोंडावर सांगितलंय.

एक राहिलं. हे सगळं फक्त सिलियाकसाठी आहे. शेंगदाणा किंवा काजूची ॲलर्जी असेल तर यातलं अर्धं उलटं होतं. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट असतोच, आणि तिथे गोष्ट मिनिटांत श्वासावर येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन लॉकरमध्ये न ठेवता अंगावरच्या पिशवीत हवं. तुमच्या मुलीला दोन्ही असेल तर खाली लिहा, डब्याची यादी वेगळी देते.