पेपर चव्हाट्यावर कुणी मांडला?

भांडुपच्या ताई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. आठवीतली लेक सर्रास खोटं बोलते. गणिताच्या घटक चाचणीचा पेपर तिने दप्तराच्या तळाशी दडवला, वर त्यावर तुमची खोटी सही ठोकली. सासूबाईंना हे ठाऊक होतं, तरी त्या गप्प बसल्या. यंदा गणपतीला गावी यायलाही ती नको म्हणते. आता तिचा मोबाइल काढून घेऊ की तिला पाचगणीच्या हॉस्टेलला टाकू, असं विचारलंय.

आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक ओळ: ‘सातवीत 20 पैकी 4 मिळाले तेव्हा मी तो पेपर फॅमिली ग्रुपवर टाकला होता, म्हटलं चारजण समजावतील.’

ताई, मी या ओळीच्या पुढे जाऊच शकले नाही.

दीर-जावा, नणंदा, चुलतसासरे, त्यांची मुलं-सुना, सगळं गोत त्या ग्रुपवर आहे. कुणी रडका इमोजी टाकला असेल. आत्याने ‘आमच्या वेळी’ सुरू केलं असेल. दहावीत नव्वदच्या वर गेलेल्या चुलतभावाने एखादं स्टिकर चिकटवलं असेल. लाल पेनाने गोल केलेला तो 4 सगळ्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला, आणि पोरीने त्यांचं पाहणं पाहिलं. पुढचा पेपर ती तुमच्या हातात कशाला देईल? आईच्या हातात पेपर गेला की दुसऱ्या हातात फोन येतो, एवढं एक गणित मात्र तिला अचूक सुटलंय.

गणपतीचंही तेच. गावच्या पडवीत मोदकांच्या पंगतीला तेच इमोजीवाले बसणार ना?

वर्गात बाईंनी तिचा पेपर फळ्यावर चिकटवला असता तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तावातावाने भांडला असता. कायदाही तुमच्या बाजूने होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शाळेत मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. घरात तेच केलं की आपण त्याला काळजी म्हणतो.

सासूबाईंना एक शब्द बोलू नका. घरात सध्या त्या एकट्याच आहेत, ज्यांना ती पेपर दाखवते. हॉस्टेल विसरा. आणि मोबाइल नक्की कुणाचा काढून घ्यायचा, हे मला विचारू नका, मी खरं सांगेन.

खोटी सही चूकच आहे, त्याबद्दल तिच्याशी बोला. पण तुमचा नंबर आधी. तो फोटो आता ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ने पुसता येणार नाही, ती मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते. म्हणून याच आठवड्यात, गावी जायच्या आधी, त्याच ग्रुपवर लिहा: ‘गेल्या वर्षी मी लेकीचा पेपर इथे टाकला होता. तिला न विचारता टाकला, ते चुकलं. गणपतीत यावर कुणीही तिची थट्टा करू नये.’ ‘पण तिच्या भल्यासाठीच’ हे शेपूट जोडू नका. आत्या फोन करतीलच, तेव्हा त्यांनाही हेच सांगा.

पाठवण्याआधी मेसेज लेकीला वाचायला द्या. तिने एखादा शब्द खोडायला सांगितला तर खोडा, आणि टाकूच नको म्हणाली तर टाकू नका. या वेळी तिला विचारायचंय.