प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरल्याबद्दल क्रेडिट मिळतं म्हणजे नक्की काय मिळतं?

पैसे नव्हे, हक्क मिळतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचं उदाहरण घ्या. तिथे 1980 च्या कायद्याने भूजल उपशावर बंधनं आली. शहराने प्रक्रिया केलेलं पाणी जमिनीत मुरवलं की ते त्याच्या खात्यात जमा होतं आणि पुढे तेवढंच उपसता येतं. गंमत म्हणजे परवानगी असलेल्या दुसऱ्याच विहिरीतून काढलं, तरी कागदोपत्री ते भूजल नव्हे, सांडपाणीच राहतं! क्रेडिट विकताही येतं. मात्र मुरवलेलं पाणी त्याच वर्षी उपसलं, तर दीर्घकालीन, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येणारं, क्रेडिट मिळत नाही.

खरी मेख मोजणीत आहे. मुद्दाम खोदलेल्या तळ्यांतून 100 एकक पाणी मुरवलं तर क्रेडिट पूर्ण 100. तेच नदीपात्रात सोडून मुरू दिलं तर मूळ नियमाने निम्मंच. मला हे रास्त वाटतं. जे पाणी एरवीही नदीत जाणारच होतं, त्याचं श्रेय कशाला पूर्ण द्यायचं?

म्हणून कुठलीही क्रेडिट योजना वाचताना आधी एवढंच बघा: मीटर कुठे बसवलाय, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या तोंडाशी की वापरणाऱ्याच्या नळावर? तोंडाशी असेल, तर मधली गळतीसुद्धा ‘पुनर्वापर’ म्हणून मोजली जाते. आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावांना आजवर मिळणारं पाणी कमी होतंय का, तेही विचारा.