पहिली वेबसाइट करायचीय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार सर, मी पंचवटीत राहते, बीए मराठी झालंय. मुलं शाळेत जायला लागल्यापासून दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळतात, त्यात वेब डिझाइन शिकायचं मनात आहे. कॉलेज रोडला एका क्लासमध्ये चौकशी केली, फी ऐकूनच परत आले. दिरांच्या रामकुंडाजवळ यात्रेकरूंसाठी खोल्या आहेत, घरचे म्हणतात आधी त्यांची वेबसाइट कर, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. भाचा म्हणतो एआयला सांगितलं की पाच मिनिटात होते, शिकायचं कशाला. कोडिंगचा गंध नाही, इंग्रजी जेमतेम. जमेल का मला?

उत्तर : ताई, जमेल. आणि क्लासची फी आत्ता भरू नका, पहिले दोन-तीन महिने जे शिकायचंय ते सगळं फुकट मिळतं. डब्ल्यूथ्रीस्कूल्स या साइटवर छोटी छोटी उदाहरणं आहेत, पुढे एमडीएन ही साइट वाचा, कोड लिहायला व्हीएस कोड हे सॉफ्टवेअर घ्या. फक्त लॅपटॉप किंवा कम्प्युटर हवा, जुना असला तरी चालतो, फोनवर कोड टाइप करत शिकणं म्हणजे नुसता वैताग.

पण पहिला आठवडा कम्प्युटर उघडूच नका. दिरांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि फोनवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दात लिहून घ्या. नाशिकरोड स्टेशनवरून कसं यायचं, रामकुंडापर्यंत चालत जाता येतं का, गाडी कुठे लावायची, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आजी आहेत तर तळमजल्याची खोली मिळेल का, त्र्यंबकेश्वरला जायला सकाळी गाडी मिळते का. हेच प्रश्न रोज फिरून फिरून येतात आणि त्यांची उत्तरं म्हणजेच तुमची वेबसाइट, बाकी सगळी सजावट. मला तर बऱ्याच लॉजच्या वेबसाइट बघून वाईट वाटतं, वर मोठा सरकता फोटो, खाली ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, आणि फोन नंबर शोधायला तीन पानं उघडायची. तुमचं बीए मराठी इथे कामाला येणार आहे, सरळ साधं चार ओळीत लिहिता येणं हे या धंद्यात फार कमी लोकांकडे असतं.

मग एकच पान बनवा, हाताने. फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. एचटीएमएल हे मजकुराला सांगतं की तू मथळा, तू परिच्छेद, तू लिंक, आणि सीएसएस सांगतं की दिसायचं कसं. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा, आत्ता बाजूला ठेवा, या पानाला ती लागतच नाही. १९९१ मधलं जगातलं पहिलं वेबपेज सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने पुन्हा बघायला ठेवलंय, नुसता मजकूर आणि लिंका, पण आजही ते उघडून वाचता येतं. तेवढं आलं तरी पाया झाला.

फाइलच्या वरच्या भागात दोन ओळी विसरू नका. एक कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ सांगणारी, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते, ती नसली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. दुसरी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसवणारी, ती नसली की मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो, मग अक्षरं मुंगीएवढी. फोन नंबरला ‘टेल’ची लिंक द्या, आकडे इंग्रजीत टाका, म्हणजे बोट लावलं की थेट कॉल. खोल्यांचे फोटो मोबाइलवरून काढले तसेच चढवू नका, एकेक चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करून सेव्ह करा, शे-दोनशे केबीत बसतो, पर्वणीच्या गर्दीत नेटवर्क रडत असताना हाच फरक पडतो. आणि फाइलची नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरात ठेवा, कारण विंडोजवर मोठं-लहान अक्षर चालून जातं पण वेबसाइट ज्यावर ठेवतात ते बहुतेक सर्व्हर लिनक्सचे असतात, त्याला मोठं-लहान अक्षर वेगळं वाटतं, तिथे फोटो गायब होतो आणि माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मराठीचं अजून एक, हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सांगत नाहीत. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या दीडपटीपेक्षा जरा जास्तच ठेवा, वर वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यांना जागा लागते. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बलू बघा, ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

भाच्याचंही चूक नाही, एआय पान करून देतो. पण रूमचा दर बदलला, फोटो उलटा आला, तर कुठे हात घालायचा हे कळायला कोड वाचता यायलाच हवा. आधी एक पान स्वतः लिहा, मग खुशाल त्याची मदत घ्या. तयार पान गिटहब या साइटवर फुकट चढवून नातेवाईकांना दाखवता येतं, वेगवेगळ्या फोनवर उघडायला सांगा.

प्रश्न : सातपूरला आमचं छोटं दुकान आहे. माहितीपत्रक छापणाऱ्याकडून मराठी मजकुराची फाइल आणली, वेबसाइटवर पेस्ट केली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. फॉन्ट टाकूनही तेच.

उत्तर : दादा, तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नाही. छपाईच्या, म्हणजे डीटीपीच्या, जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो, त्यामुळे दुसरीकडे नेलं की खरं रूप दिसतं. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, एकेक ओळ तपासावी लागते. दोन-चार पानांचा मजकूर असेल तर मी सांगेन की मोबाइलवर बोलून टाइप करा आणि एकदा नीट वाचून दुरुस्त करा, लवकर होतं. अशा मजकुराची लोकांनी कितीही शोधाशोध केली तरी तो गूगलला सापडत नाही, म्हणून हे काम टाळू नका.

प्रश्न : वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, त्याच्याच नावावर घेतलंय. आता तो फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर : त्याला लेखी मेल टाका, डोमेन तुमच्या खात्यात ट्रान्सफर करायला लागणारा गुप्त कोड, म्हणजे ऑथ कोड, मागा आणि पैसे दिल्याची पावती जोडा. डोमेनची मुदत कधी संपते ते हूइज या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेत आजच बघून ठेवा. अजिबातच दाद देत नसेल तर भांडणात वर्ष घालवण्यापेक्षा दुसरं नाव घ्या, यावेळी तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डने, आणि पहिल्या वर्षाची ऑफर न बघता दुसऱ्या वर्षी रिन्यूअल किती पडतं ते बघून. पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.