सरांच्या नावावर गेलेला रिव्ह्यू

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्य विषयात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष. माझ्या गाइडकडे आरोग्यविषयक जर्नल्सकडून रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी तपासायला, सतत पेपर येतात. वर्षभरात त्यातले पाच त्यांनी माझ्याकडे दिले. मी वाचते, रिपोर्ट लिहिते, सर तो आपल्या लॉगिनमधून पाठवतात. माझं नाव कुठेच नसतं आणि पुढे त्या पेपरचं काय झालं, तेही कळत नाही. घरचे म्हणतात, ही फुकटची हमाली सोड. आता एका जर्नलचा थेट मलाच मेल आलाय, रिव्ह्यू केलात तर प्रमाणपत्र देऊ म्हणून. या कामाचा करिअरला काही उपयोग आहे का? सध्या हातात असलेला पेपर जवळजवळ माझ्याच थिसिसच्या विषयावर आहे, त्यामुळे सोडवत नाही. (नाव छापू नये.)

उत्तर : हमालाकडे निदान बिल्ला तरी असतो. तुमच्याकडे तोही नाही, एवढं घरच्यांचं म्हणणं मला पटतं. पण काम सोडू नका. काम तेच ठेवा, ते करण्याची रीत बदला.

आधी हे सांगते की तुम्ही एकट्या नाही. २०१९ साली ‘ईलाइफ’ या विज्ञान जर्नलमध्ये तरुण संशोधकांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. उत्तर देणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या जणांनी दुसऱ्याच्या नावानं जाणारा रिव्ह्यू लिहिला होता. इतकं सर्रास चालतं म्हणून ते रास्त ठरत नाही, हे मात्र लक्षात घ्या. इथे प्रश्न फक्त तुमच्या श्रेयाचा नाही. रिव्ह्यूसाठी आलेला पेपर गोपनीय असतो. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या कुणाला, अगदी आपल्या विद्यार्थ्यालासुद्धा, घ्यायचं असेल तर आधी जर्नलची परवानगी घ्यावी आणि मदत करणाऱ्याचं नाव कळवावं. म्हणजे आत्ताच्या पद्धतीत अडचणीत सरही येऊ शकतात.

यामुळेच सरांशी बोलणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. ‘माझ्यावर अन्याय होतोय’ अशी सुरुवात केलीत तर संभाषण तिथेच संपेल. पुढचा पेपर आला की, वाचायला घेण्याआधी, एवढंच म्हणा : ‘सर, हा आपण दोघांनी मिळून करतोय असं एडिटरना आधीच कळवू या का? मेलचा मसुदा मी करून देते.’ बऱ्याच जर्नल्सच्या फॉर्ममध्ये ‘या रिव्ह्यूत आणखी कुणी मदत केली का?’ असा रकाना असतोच. तो आजवर रिकामा जात होता, इतकंच. अनेक गाइड लबाडीनं नव्हे, सवयीनं वागतात. त्यांच्या गाइडनंही त्यांच्याकडून हेच करून घेतलेलं असतं.

मी काही वर्षं एका आरोग्य जर्नलच्या संपादक मंडळावर होते. एक ज्येष्ठ प्राध्यापक एरवी चार ओळींचा रिव्ह्यू पाठवायचे. एकदा त्यांच्याकडून चार पानं आली, तक्त्यागणिक शंका काढलेल्या. आभार मानायला फोन केला तर हसून म्हणाले, ‘अहो, ते माझ्या विद्यार्थिनीनं केलंय.’ आम्ही त्या मुलीला यादीत घेतलं आणि पुढचा पेपर थेट तिच्याकडे गेला. फोन केला नसता तर तिचं नाव आम्हाला कधी कळलंच नसतं.

आता मेंटॉरिंगबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होतंय. नवख्याला अनुभवी माणसाशी जोडून दिलं की तो आपोआप शिकतो, असा एक गोड समज आहे. आपत्कालीन वैद्यकाच्या एका जर्नलनं तो तपासून पाहिला. काही नव्या रिव्ह्युअरना मेंटॉर दिले, काहींना नाही. २०१२मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : एडिटरांनी दिलेल्या गुणांत लक्षणीय फरक नव्हता. ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलनं २००४मध्ये छोट्या प्रशिक्षणाचा प्रयोग मांडला, त्याचाही परिणाम किरकोळच दिसला. आणि मुरलेल्या रिव्ह्युअरांची दृष्टी फार तीक्ष्ण असते असंही नाही. १९९८च्या एका अभ्यासात एका पेपरमध्ये मुद्दाम ८ उणिवा पेरून तो रिव्ह्युअरांकडे पाठवला होता. सरासरी २ सापडल्या.

माझा यातून निघणारा निष्कर्ष असा की नुसत्या मेंटॉरनं भागत नाही. आपण लिहिलेल्या ओळीचं पुढे काय झालं, हे कळलं तरच हात सुधारतो. म्हणून सरांकडे मागायची दुसरी गोष्ट म्हणजे एडिटरचं निर्णयाचं पत्र आणि इतर रिव्ह्युअरांचे शेरे. बरीच जर्नल्स ती रिव्ह्युअरला पाठवतात, म्हणजे ती सरांच्या इनबॉक्समध्ये पडून असण्याची शक्यता आहे. जुन्या पाच पेपरांचीही मागा. आपला रिपोर्ट शेजारी ठेवून बघा : दुसऱ्याला दिसलेलं आपल्याला का दिसलं नाही? आपला कुठला शेरा एडिटरनं उचलला, कुठला सोडून दिला?

समजा तुम्ही लिहिलंत, ‘सॅम्पल साइझ अपुरा आहे.’ हे कुठल्याही पेपरला चिकटतं आणि लेखकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी : ‘पद्धती विभागात १२० जण निवडल्याचं म्हटलं आहे, तक्ता २मध्ये बेरीज ९७ भरते. उरलेले २३ कोणत्या टप्प्यावर गळले आणि ते इतरांपेक्षा वेगळे होते का, हे द्यावं.’ याला लेखकाला उत्तर द्यावंच लागतं. अशी नजर यायला, आरोग्य संशोधनाच्या पेपरमध्ये काय काय असावं हे सांगणाऱ्या ‘इक्वेटर’ नेटवर्कवरच्या चेकलिस्ट जवळ ठेवा : क्लिनिकल ट्रायलला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा. आणि वेळ वाचवायला पेपर कुठल्याही एआय चॅटबॉटमध्ये टाकू नका. गोपनीयता तिथेच मोडते.

श्रेयाचं म्हणाल तर ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक आजच काढा, फुकट मिळतो. सहभागी जर्नल्सनी दुजोरा दिलेले रिव्ह्यू तिथे आणि ‘वेब ऑफ सायन्स’ या संशोधन-डेटाबेसच्या प्रोफाइलवर नोंदवता येतात (रिव्ह्यू नोंदवण्याची पूर्वीची साइट ‘पब्लॉन्स’ त्यातच विलीन झाली). काही जर्नल्स वर्षाअखेरीला रिव्ह्युअरांची नावं छापतात, काही वैद्यकीय जर्नल्स चांगल्या रिव्ह्यूला सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचं) क्रेडिटही देतात. पण निवड समितीपुढे दहा रिव्ह्यू म्हणजे एक पेपर, असा हिशेब कुणी करत नाही. थिसिस संपेपर्यंत वर्षाला तीन-चार पुरे. त्याचं फळ दुसरीकडे दिसतं : एडिटर नावानं ओळखू लागतात, आणि आपला पेपर लिहिताना समोरचा कुठे बोट ठेवेल ते आधीच कळतं.

तो प्रमाणपत्रवाला मेल मला संशयास्पद वाटतो. त्या जर्नलचे गेल्या दोन अंकांतले पेपर वाचा, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का बघा, आणि तुम्हाला पाठवलेला विषय तुमचा आहे का ते पाहा. दाताच्या रोगांवरचा पेपर तुमच्याकडे आला असेल तर त्यांना रिव्ह्युअर नको आहे, नुसतं नाव हवं आहे.

राहिला सध्याचा पेपर. तुम्ही सहज लिहिलंय, पण पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला तीच वाटली. अप्रकाशित निष्कर्ष तुमच्याच थिसिसच्या विषयावरचे आहेत आणि ते तुम्ही वाचताय, हे एडिटरना ठाऊकही नाही. उद्या तुमच्या थिसिसच्या एखाद्या प्रकरणात तसंच विश्लेषण दिसलं तर ते तुमचंच होतं हे सिद्ध करणं जड जाईल. पुढे वाचू नका. सरांना आजच सांगा की विषय फार जवळचा आहे, एडिटरना कळवून विचारू या. एडिटरनी नको म्हटलं तर फाइल पुसून टाका. आणि या विषयावरचं तुमचं आजवरचं काम तारखेसह गाइडना मेल करून ठेवा, तेही आजच.